हिंगुलांबिका क्रीडा साहित्य नावाची कंपनी होती

मी, कुसुमावती, कै. संताजीराव पतंगे यांची थोरली मुलगी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, लग्न केलेले नाही, राहणार अग्रहार, म्हैसूर, धंदा खेळाचे पट छापणे (होता), हे मृत्युपत्र आज राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. राग आहे, पण रागाने मृत्युपत्र बाद होत नाही असं वकीलबाई म्हणाल्या.

वकीलबाई म्हणजे यशस्विनी. त्यांचं म्हणणं, "अम्मा, कन्नडात करू या, रजिस्ट्रारला बरं पडेल." मी म्हटलं, आयुष्यभर ज्या भाषेत भांडले त्याच भाषेत लिहीन, भाषांतराचं तुम्ही बघा.

कलम पहिले : घर. अग्रहारातलं माझं राहतं घर, भांडीकुंडी, देव्हारा आणि गच्चीवरच्या कुंड्यांसह, मी माझा धाकटा भाऊ मोहनराव याची मुलगी रक्षिता हिला देत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची. घर तिला का, तर आमच्या कंपनीचं नाव जगात कुठेतरी छापलेलं सापडावं म्हणून या पोरीने जितकी डोकेफोड केली तितकी तिच्या बापाने कशासाठीच केली नाही.

आता ती डोकेफोड सांगते, कारण पुढची सगळी कलमं तिच्यातूनच निघाली आहेत.

आम्ही भावसार, रंगारी. आजोबा लुगड्यांवर ठशांनी छपाई करायचे. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसला तेव्हा माझे वडील, अप्पा, त्याच लाकडी ठशांच्या जोरावर कापडी पट छापू लागले. कवड्या टाकून सोंगट्या घरी न्यायचा चौकाबारा, मोक्षपट, आणि अप्पांनी स्वतः रचलेला दसऱ्याच्या मिरवणुकीचा पट. त्यात राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत हत्ती न्यायचा. वाटेत हत्ती उसापाशी अडला की एक डाव गेला. पट मी छापायची, सोंगट्या आई रंगवायची, दुकानोदुकानी अप्पा जायचे. कुलदेवीच्या नावाने कंपनीचं नाव ठेवलं, हिंगुलांबिका क्रीडा साहित्य. दाराला पाटी होती. नगरपालिकेने रस्ता रुंद केला तेव्हा भिंतीसकट ती पाटीही गेली.

रक्षिता कॉम्प्युटरवाली. इंटरनेटवर कुणीही भर घालू शकतो असा एक ज्ञानकोश आहे, त्यात तिने आमच्या कंपनीवर लेख लिहिला. मला वाचून दाखवताना तिचं मराठी संपलं की कन्नड, कन्नड संपलं की इंग्रजी. पण मला सगळं कळलं आणि डोळे भरून आले. दोनच दिवसांत लेख काढून टाकला. काढणाऱ्याला नाव नाही, गाव नाही, नुसती टोपणसही. त्याचं म्हणणं, या कंपनीची कुणी नोंद घेतल्याचं दिसत नाही, स्वतंत्र प्रकाशित साधने दाखवा.

"आत्या, सोर्स बेकु," रक्षिता म्हणाली. बेकु म्हणजे पाहिजे. "आपण लिहिलेलं नको. आपल्या लोकांनी लिहिलेलं नको. जाहिरात नको. बाहेरच्याने, आपल्याबद्दल, छापलेलं."

मी म्हटलं, हात्तिच्या, मग पटच दाखव की. शेकडो घरांत असतील.

आणि इथेच आमचं घोडं अडलं. आमच्या एकाही पटावर कंपनीचं नाव नाही! पट जमिनीवर पसरायचा, चार माणसं भोवती बसणार, कुणाचा तरी पाय लागणारच. देवीचं नाव पायाखाली येईल म्हणून अप्पांनी ते कधी छापू दिलं नाही. पिशवीवरही नाही, कारण पिशवीवर पोरं बसतात. कोपऱ्यात नुसतं एक पान छापायचो, पिंपळाचं. मी एकदा म्हटलं, अप्पा, मग कंपनीला दुसरं नाव द्या. तर म्हणाले, "देवीचं नाव घेतलंय, आता बदलू? खुळी की काय?" नाव ठेवायचं आणि लपवायचं. असा धंदा आमच्याच घरात होऊ जाणे.

मग जुनी वर्तमानपत्रं. दसरा प्रदर्शनातल्या आमच्या स्टॉलचा फोटो एकदा छापून आला होता, तो रक्षिताने शोधून काढला. फोटोत पट आहे, हत्ती आहे, अप्पांचं अर्धं डोकं आहे. स्टॉलवरच्या नावाच्या पाटीपुढे एक पाहुणे हार घालून उभे आहेत. खाली लिहिलंय, पारंपरिक खेळाचा आनंद घेताना मान्यवर. त्या मान्यवरांना कवडी धरता येत नव्हती, मीच हातात दिली होती.

एकदा मात्र एका कन्नड दैनिकात आमच्यावर चांगला ऐसपैस लेख आला होता, नावानिशी. अप्पा इतके हरखले की त्या दिवसाचा गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेऊन आले. मग काय केलं? नाव पेपरात असेल तर पायाचा प्रश्न नाही, म्हणून एकेक पान सोंगट्यांना गुंडाळून प्रत्येक पिशवीत घातलं. गिऱ्हाइकाने पिशवी उघडली, सोंगट्या घेतल्या, कागद चुलीत. घरी एक प्रत ठेवायचं कुणाला सुचलं नाही. दैनिक बंद पडलं. ग्रंथालयात त्या वर्षाच्या फायली वाळवीने खाल्ल्या. आमच्याबद्दल जे एकदाच धड छापून आलं, ते आम्हीच सोंगट्यांबरोबर विकून टाकलं. कपाळ!

गेल्या वर्षी एक वार्ताहर मुलगी आली. अर्धा दिवस बसली, माझ्या हातचे चिरोटे खाल्ले, कंपनीचं नाव माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं. छापून आलं ते आरोग्याच्या पानावर. पट खेळल्याने आजींचे गुडघे शाबूत! कंपनीचं नाव नाही. आणि गुडघे शाबूत नाहीत.

कलम दुसरे : पुस्तक. कपाटात दक्षिणेतल्या बैठ्या खेळांवरचं एक जाडजूड पुस्तक आहे. ते लिहिणारे प्राध्यापक आमच्या घरी आले होते. पुस्तकात आमचा मिरवणुकीचा पट आहे, रंगीत पानावर. खाली लिहिलंय, अनामिक घरगुती कारागिरी, स्त्रियांचा फावल्या वेळचा उद्योग. हे त्यांनी मनाने लिहिलं नाही. त्यांनी मोहनला विचारलं, ही तुमच्या घरची कंपनी का? मोहन तेव्हा कडकोळच्या कारखान्यात साहेब झाला होता, बूट घालून घरात यायचा. तो म्हणाला, "छे हो, कंपनी कसली. घरातल्या बायका सुम्ने काहीतरी रंगवत बसतात."

सुम्ने म्हणजे उगीच. मी कॉफी घेऊन दारात उभी होते. आत माझ्या जागी अप्पा छापत होते, ठशाचा ठप ठप आवाज येत होता, आणि हा म्हणतो सुम्ने. मी दोघांना कॉफी दिली. मोहनच्या पेल्यात साखर घातली नाही. त्याने तशीच पिऊन टाकली, म्हणजे त्याला कळलं होतं.

शाळेत त्याला पोरं चौकाबारा म्हणून चिडवायची हे मला माहीत आहे. म्हणून काय बापाला पुसून टाकायचं? त्या एका ओळीने आमचा घात केला. त्या टोपणसहीवाल्याने लेख काढताना हेच पुस्तक पुढे केलं, की प्रकाशित साधनातच लिहिलंय, कंपनी नव्हती. खोटं छापलं की ते साधन, खरं तोंडाने सांगितलं की ती गप्पा.

तर ते पुस्तक मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देत आहे. त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. रक्षिता म्हणते अशी दुरुस्ती धरत नाहीत. न का धरेनात.

कलम तिसरे : ठसे. सगळे सागवानी ठसे रक्षिताचे. हत्तीचा मोठा ठसा ओल्या जागी ठेवू नये, त्याची सोंड आधीच चिरली आहे. पिंपळपानाचा ठसा मात्र माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. त्या पानाने आमचं नाव आयुष्यभर झाकलं, त्याला मी मागे ठेवणार नाही.

कलम चौथे : मागची छापखोली. घरामागची छापखोली आणि तिच्याभोवतालचा मोकळा तुकडा अप्पांनी पटांच्या कमाईतून घेतला आणि कागद माझ्या नावावर केला, कारण मोहन तेव्हा अजाण होता. अग्रहारात आज अशी जागा सोन्याची आहे. ती मी शेजारचे पिठाच्या गिरणीवाले सत्यनारायण यांना देत आहे. मोहनचं आणि त्यांचं भिंतीवरून वाजलं तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. म्हणूनच त्यांना देत आहे. मी सांगितलं तेव्हा सत्यनारायण घाबरले. "अक्का, मला कशाला? मला नको." मी म्हटलं, घ्या हो, फार दिवस ठेवावी लागणार नाही.

यशस्विनीबाईंनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, असं लिहिलंत तर मोहनराव नक्की कोर्टात जातील."

"गेले तर काय म्हणतील?"

"म्हणतील, तिथे वडिलांचा धंदा होता, कंपनी होती, जागा कंपनीच्याच पैशातून घेतली, म्हणून माझाही वाटा आहे."

"आणि न्यायाधीश?"

"त्यांना सगळं तपासून निकालात लिहावं लागेल. कंपनी कुणी काढली, काय बनवायची, किती वर्षं."

मी म्हटलं, मग लिहा. अस्संच लिहा.

रक्षिताला फोन केला. ती म्हणाली, नुसत्या निकालावरही ते लोक खुसपट काढतील. पण म्हातारे बहीणभाऊ खेळाच्या पटावरून कोर्टात, ही बातमी पेपरवाले सोडणार नाहीत. खरंच आहे. चांगल्या कामाला पेपरात जागा नसते, भांडणाला असते.

कलम पाचवे : ठेव. बँकेतल्या माझ्या ठेवीतून क्रियाकर्म भागवावं. राहील ती सगळी रक्कम मोहनच्या वकिलाच्या फीसाठी आहे. रक्षिताने ती बापाकडे न देता थेट वकिलाला द्यावी, नाहीतर तो तडजोड करून मोकळा होईल. वकील चांगला बघावा. यशस्विनीबाई सत्यनारायणांच्या बाजूने उभ्या राहतील आणि जमेल तितकं ताणतील. सत्यनारायणांनी मला शब्द दिला आहे की मोहन जिंकला तर वाटा हसत सोडतील, आणि हरला तरीही सोडतील. पण निकाल लागल्यावर, आधी नाही.

कलम सहावे : मोहनसाठी. मोहन, जयलक्ष्मीपुरमच्या तुझ्या बंगल्यात हे वाचून तू चष्मा आपटशील. आक्काने डाव टाकला म्हणशील. हो, टाकला. तूही माझ्याशी हा खेळ खेळलायस, तुला कळतं सोंगटी कुठे अडवली आहे ते. तू प्राध्यापकांना सांगितलंस ते खरं असेल, तर कंपनी नव्हती, खोली माझी एकटीची, आणि मी ती गिरणीवाल्याला देईन नाहीतर कावळ्याला. तुला वाटा हवा असेल तर कोर्टात उभं राहून, शपथेवर, मोठ्याने सांग की माझ्या वडिलांची कंपनी होती. तिचं नाव सांग. पूर्ण सांग.

रक्षिता म्हणाली, "आत्या, बाबाला सरळ विचारून बघ ना, तो सांगेल कुणाला तरी." पोरी, विचारलं होतं. अप्पा गेले त्या वर्षी विचारलं, परत दसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जाऊ दे ना आक्का, कुणाला काय पडलंय. मला पडलंय रे. ठसे मारून मारून माझा उजवा खांदा गेला, आणि पुस्तकात मी फावल्या वेळची बाई आहे. अप्पा तर त्यात नाहीतच.

तुझ्यावर राग आहे, पण तू सोडून अप्पांना बघितलेलं आता कुणी उरलं नाही. मी घरातली, माझं धरत नाहीत. तूही घरातलाच, पण कोर्टात तुला विचारतील आणि बाहेरचा माणूस ते लिहून घेईल. म्हणून भांड, मोहन. माझ्याशी नीट भांड. मी ऐकायला नसेन, त्याचं वाईट वाटतं, पण छापून येईल.

कलम शेवटचे. या कागदात देवीचं नाव आलं आहे. कचेरीत, कोर्टात, कुठेही, कुणीही तो जमिनीवर ठेवू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. मी साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही : कुसुमावती संताजीराव पतंगे
हिंगुलांबिका क्रीडा साहित्य, अग्रहार, म्हैसूर

साक्षीदार :
१. तुंगा प्रणेश देशपांडे, निवृत्त शिक्षिका, अग्रहार (लहानपणी आमच्याच पटावर खेळलेली. पट कुणी बनवला ते तिला आज कळलं.)
२. गगन वेंकोबा कुलकर्णी, औषधविक्रेते, अग्रहार

स्थळ : म्हैसूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५