हुकमाची वाट

१९ मार्च १९९९

माळ जळला. काल दिवस मावळताना पेटला, आज उजाडताना विझला. मांडवगणच्या पलीकडचं सगळं गवताचं रान — दहा माणसांनी राखायचं, वनखात्याने ठेवलेत चार रोजंदार. पाण्याची गाडी नाही, हातमोजे नाहीत. लिंबाच्या ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि जाळ झोडपायचा. नव्या शतकाच्या गप्पा मारणाऱ्या सरकारचं हे अग्निशमन!

चौघांची पाळी सहाला संपली होती. घरी गेले असते तरी कायद्याने कोणी जाब विचारला नसता. पण वाऱ्याच्या तोंडावर भिमा धनगराचा वाडा होता — जाळी लावून कोंडलेली मेंढरं. मीरासाहेब पुढे, मागून शेवंताबाई आणि बाकीचे दोघे. वाडा वाचला. मीरासाहेबांचे दोन्ही तळहात भाजून गेले.

२१ मार्च

मजुरांच्या वतीने साहेबांकडे गेले. हे आमच्या भागाचे वनाधिकारी. चहा पाजल्याशिवाय नकार देत नाहीत.

"ताई, आठ तासांनंतरचं काम धरायचं तर अधिकाऱ्याचा आदेश लागतो. मी त्या रात्री पुण्यात होतो."

म्हणजे आधी अधिकारी शोधायचा, तोवर जाळाला बस म्हणायचं.

ती रात्र कामात धरली नाही तर जादा मजुरी गेलीच, पण मीरासाहेबांचे हातसुद्धा खात्याचे नाहीत, उपचाराचा खर्चही नाही. मग ते हौसेने भाजलेले हात! डॉक्टर म्हणतात, वेळेत ऑपरेशन झालं नाही तर कातडी आक्रसेल, बोटं आत वळतील, पुन्हा उघडायची नाहीत. मजुराकडे हातांशिवाय आहे काय?

२८ मार्च

मीरासाहेबांच्या घरी. गुलशनभाभी त्यांना घास भरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघा ताई, लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा हे माझं मुकाट ऐकत्यात."

मुलगा सलमान कुरकुंभहून आला होता. केमिकलच्या कारखान्यात आहे. तो चिडलेला. "आमच्याकडं दोन तास जादा थांबलं तर डबल मिळतं, अब्बा. तुमी रातभर फुकट जळाला."

मीरासाहेब म्हणाले, "तुजं मशीन बटन दाबून बंद हुतंय. जाळाला बटन दाव, मी बी घरी येतो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बाप आणि लेक, दोघांमध्ये एक नदी आणि एक साखर कारखाना. लेकाच्या घामाला कायदा आहे, बापाच्या घामाला नाही.

१२ एप्रिल

दावा दाखल केला. आमच्या वकिलांचा सगळा भार एका गोष्टीवर आहे. वनरक्षक सोपानराव त्या संध्याकाळी तिथे होता. तो "चला रे" म्हणाला आणि चौघे निघाले. तोंडी हुकूमही हुकूमच. सोपानराव तसं कोर्टात सांगायला तयार आहे. नोकरी पणाला लावून. मी त्याचा हात हातात घेतला तर बिचारा लाजला.

"ताई, म्या खरंच म्हणालो हुतो. खरं सांगायला काय जातंय?"

बरंच जातं, सोपानराव.

१ मे

आज चौघांचा सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर, सगळा गाव. खात्यातर्फे शाल आणि नारळ. मीरासाहेबांना नारळ धरता येईना, तो गुलशनभाभींनी धरला. भिमा मेंढरं पोराच्या हवाली करून आला होता, दर आठवड्याला तो मीरासाहेबांकडे दूध पोचवतो.

साहेब म्हणाले, "ताईंनी चार शब्द बोलावेत."

मी काही ठरवून गेले नव्हते. पण माईक हातात आला आणि समोर ती माणसं — अंगावर खात्याची स्वस्त शाल, पायात वहाण नाही! मी बोलले. "युद्धावरच्या सैनिकालासुद्धा हुकूम लागतो. यांना कोणी हुकूम दिला नव्हता. यांनी हुकमाची वाट पाहिली नाही. पाळी संपली होती, माणुसकी संपली नव्हती!" टाळ्या थांबेनात. म्हातारे डोळे पुसत होते. असं बोलणं वर्षातून एकदा जमतं.

खाली उतरल्यावर शेवंताबाई म्हणाली, "लई ग्वाड बोलला, ताई. पर मला नारळ नगं हुता. डबल हजेरी हवी हुती."

सोपानराव जाताना एवढंच म्हणाला, "साहेबांनी पेपरवाला मुद्दाम बोलावलाय." चांगलंच झालं.

३ मे

पेपरात भाषण जवळजवळ पूर्ण आलं आहे. दोन अंक घेतले.

१८ नोव्हेंबर

कोर्ट. सोपानरावाने साक्ष दिली. "म्या चला रे म्हणालो." न अडखळता.

खात्याचे वकील उठले. हातात ३ मेचा अंक. माझं भाषण वाचायला लागले. आवाजात चढ नाही, उतार नाही, मध्ये एक जांभई. "यांना कोणी हुकूम दिला नव्हता. यांनी हुकमाची वाट पाहिली नाही." पेपर खाली ठेवला आणि सोपानरावाला विचारलं, "मग ताई खोटं बोलल्या का?"

सोपानराव माझ्याकडे बघत राहिला. नाही म्हणाला तर दावा जाणार, हो म्हणाला तर मी. भला माणूस — गप्प राहिला.

आमचे वकील म्हणाले, ते भाषणातलं बोलणं आहे, उपमा-अलंकाराचं. न्यायाधीशांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

परत निघालो. शिरूरपर्यंत एसटीत मीरासाहेब खिडकीशी. तंबाखूच्या पिशवीची नाडी दातांनी सोडत होते.

१९ नोव्हेंबर

वाचनालयात गेले नाही. इतकी पुस्तकं वाचली. शब्दाला धार असते हे सगळ्यांनी लिहिलं आहे. कोणाकडे धरून, ते कोणीच लिहिलं नाही.

२२ जानेवारी २०००

दावा फेटाळला. "अर्जदारांनी स्वयंस्फूर्तीने काम केले." स्वयंस्फूर्ती! माझाच अर्थ, त्यांच्या शाईत.

मीरासाहेबांना सांगायला गेले. त्यांची बोटं आता पुरती वळली आहेत, पक्ष्याच्या पंज्यासारखी. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. त्या दिशी रडू आलं हुतं आमाला. पैल्यांदाच कुणी आमाला सैनिक म्हणलं." गुलशनभाभींनी चहाही ठेवला नाही. बरोबर केलं.

९ फेब्रुवारी

यंदाचा पहारा सुरू. रान तेवढंच, माणसं तीन. मीरासाहेबांना ठेवलं नाही — हात चालत नाहीत म्हणून. सोपानरावाने समजावलं तरी ते रोज माळावर जाऊन बसतात. भिमाच्या वाड्याजवळ.

तिघांची बैठक झाली. शेवंताबाई बोलली. "पाळी संपल्यावर लेखी कागद आल्याबिगर कुणी डहाळी उचलायची न्हाई." दोघांनी माना हलवल्या. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

११ मार्च

परत पेटला. पुन्हा पाळी संपल्यावर. तिघे गवत काढून आखलेल्या जाळरेषेच्या अलीकडे बसून राहिले. सोपानराव मोटरसायकलवर कागद आणायला शिरूरला पळाला. भिमा मेंढरं घेऊन नदीला गेलेला, वाड्यात फक्त कोकरं. मी उठा म्हणाले. हात जोडून म्हणाले. माझा आवाज त्या सगळ्या माळावर पोचतो. शेवंताबाई रडत होती, पण उठली नाही. "ताई, तुमी आता बोलू नगा. पेपरात येतं."

सोपानराव आला. लेखी आदेश, सही, शिक्का — आमच्या मागणीप्रमाणे.

मीरासाहेब कोकरं सोडवायला केव्हाच एकटे वाड्यापर्यंत पोचले होते. जाळ येईपर्यंत जाळीची गाठ त्यांच्या बोटांना सुटली नाही.