देवीचा कौल आणि छोटा एमआरआय

पोलादपूर, मंगळवार, अंगारकी संकष्टी

आज महाडला ह्यांचा छोटा एमआरआय झाला. जुन्या काविळीने लिव्हर खराब झालंय, त्यात कॅन्सर धरला तर लवकर कळावा म्हणून. सोनोग्राफीत नीट दिसत नव्हतं. उपाशीपोटी न्यायचं होतं, संकष्टी बरी सापडली.

सकाळी हे अडूनच बसले. "देवीनं उजवा कौल दिलाय गो, काय नाय होणार मला. मशीन कशाला?"

"अहो, कौल काय जन्माचा एकदाच लावतो का आपण? दर पेरणीला पुन्हा विचारतोच ना?"

तेव्हा कुठे चपला घातल्या.

आत गेले नि लगेच बाहेर. एवढ्यात? खेड्यातले बघून अर्ध्यावर उरकलं की काय? विचारलंच मी. डॉक्टरीणबाई हसल्या. "फक्त लिव्हर बघायचं, म्हणून छोटा. पैसेही कमी." मग फोटो बघून म्हणाल्या, "गाठ नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या."

गाठ नाही! देवा गजानना.

घरी येताच ह्यांनी आपणहून धाकट्या भावाला मुंबईला फोन लावला. त्यालाही तीच कावीळ, पण तपासणीचं नाव काढू देत नाही.

"घाबरतोस काय रे? नुसती धडधड वाजते. मी हललोपण नाय. तू ये, मी हाय ना संगती."