आईला नाही म्हणता येत नाही

तालुरुक,
१२ सप्टेंबर २०११

ती. आईस,
उलायुचा शि. सा. न. वि. वि.

जहाज परवा येऊन गेलं. शिल्पं भरून पाठवायच्या तुझ्या संस्थेच्या रिकाम्या पेट्या पोचल्या. त्यांतल्या एकीत शेजारच्या पाउलूसीची कुत्री व्याली आहे, त्यामुळे एक पेटी कमी धरून चाल. तू तिकडे खाली दक्षिणेत, ओटावात एवढी सगळ्या कामकाजाची मुख्य झालीस, पण कुत्रीला हुकूम सोडायची तुझीसुद्धा छाती होणार नाही.

नवीन नर्सबाईशी ओळख झाली. घरी कोण कोण, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, मुलगा इटुलू, सून रीपा, आणि माझी आई ओटावाला नोकरीला असते, तेहतीस वर्षांची आहे. तिने माझा कागद परत वाचून पाहिला, मी एकाहत्तर वर्षांचीच आहे ना म्हणून. मग तिला समजावलं, की माझी आई सिमिगाक गेली आणि पुढच्याच महिन्यात भावाला मुलगी झाली, तिला आईचं नाव दिलं. नाव आलं की माणूस आलं. ती हो हो म्हणाली, पण तिला काही पटलेलं दिसलं नाही.

रीपाला दिवस गेलेत. एप्रिलमध्ये बाळ येईल. दगड कोरायची हत्यारं गुंडाळून मी पलंगाखाली सरकवली आणि तिच्यासाठी थंडीत घालायची अमाउती शिवायला घेतली. पाठीवर बाळ घ्यायचं टोपडं मोठं ठेवते आहे, कारण इटुलूचं डोकं जन्मताच भोपळ्याएवढं होतं. दगडाचा आता कंटाळा आलाय.

फोन करू नकोस. फोनवर मला बोलायला सुचत नाही, पत्रच बरं. लेकीवर आहे तशी माया ठेव.

तुझी
उलायु

ओटावा,
१० ऑक्टोबर २०११

चि. उलायु हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आत्याला चिरंजीव लिहिताना हात अजून अडखळतो. पण न लिहावं तर तू रुसतेस.

रीपाची बातमी वाचून ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. तिला कच्चा मासा भरपूर दे, इकडच्या डब्यातलं काही देऊ नकोस.

माझ्यामागे वसंतातल्या प्रदर्शनाचं लचांड लागलं आहे. एकवीस शिल्पं, अकरा गावं, आणि धुक्यात अडकणारी विमानं. त्यात मध्यावरचं मोठं शिल्प गेलं. ज्या आजोबांनी कबूल केलं होतं, त्यांचा दगड शेवटच्या घासणीत दुभंगला. दालनाच्या बरोबर मधे रिकामा चौथरा आहे आणि मी रोज त्याच्याभोवती फेऱ्या मारते.

उलायु, तू एक कर ना. मोठं. तुझ्याकडे तो हिरवा दगड पडून आहे, मला माहीत आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या विमानाने पाठवलंस तरी चालेल. कंटाळा आलाय हे कारण मी ऐकणार नाही. एरवी आई आई करतेस, तर आता आई सांगते म्हणून ऐक.

इटुलूला सांग, त्याचं डोकं अजून भोपळ्याएवढंच आहे. पत्राची वाट पाहते.

तुझी आई (जशी असेन तशी)
सिमिगाक

तालुरुक,
१४ नोव्हेंबर २०११

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. करते.

इटुलू माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या आईचं ऐकत नाहीस, ते एक घरात पुरे आहे. मग तोच दगड उचलून कामाच्या खोपटात ठेवून आला.

नाही म्हणणार होते, खरं सांगते. पण तुला मी एकदाच नाही म्हटलं होतं. आठ वर्षांची होते. तू पाण्यासाठी बर्फ फोडून आणायला सांगितलंस आणि मी झोपेचं सोंग घेतलं. वादळात तू स्वतः गेलीस आणि उजव्या करंगळीचं टोक थंडीने गेलं. पुढे तू या घरात पुन्हा आलीस ती तीच करंगळी वाकडी घेऊन. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी ती बघितली आणि सगळ्यांसमोर रडले. तुला कुठलं आठवणार.

थंडी फार आहे, खोपटाचं दार बंद करूनच ग्राइंडर चालवावा लागतो. अमाउतीची एक बाही झाली, दुसरी मागे पडली आहे. रीपा काही बोलत नाही, गुणाची आहे.

लेकीची काळजी करत बसू नये.

तुझी
उलायु

ओटावा,
१६ जानेवारी २०१२

चि. उलायु हिस,
अ. आ. वि. वि.

डिसेंबरात पाठवलेले मास्क मिळाले का? कारागिरांसाठी म्हणून आम्ही दोनशे मागवले. ते लावल्याशिवाय काम करायचं नाही, हे मी सगळ्या गावांना लिहिलं आहे, तुला वेगळं सांगते.

तू नको म्हणूनही परवा मी फोन केला. इटुलूने घेतला. म्हणाला, ती खोपटात आहे, आणि आणखी काही न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला असावा, कारण मला ग्राइंडरचा आवाज आला. मधेच थांबायचा, बराच वेळ थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, माझी लेक थांबून थांबून, बघून बघून काम करते आहे. नंतर फोन तुटला.

सुतार उंची विचारतो आहे, ती कळव. आणि दुसरी बाही विसरू नकोस.

तुझी आई
सिमिगाक

तालुरुक,
२३ फेब्रुवारी २०१२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. पेटी आजच्या विमानात चढवली. उंची माझ्या कोपराएवढी, सुताराला कोपर कसं कळवायचं ते तू बघ.

मास्क दक्षिणेतल्या दाढीवाल्यांच्या मापाचे आहेत. माझ्या तोंडावरून घसरून गळ्यात येतात.

अमाउती घातलेली लहान मुलगी केली आहे आणि तिच्या टोपड्यात म्हातारी बसली आहे. मुलगी वाकली आहे, पण पडत नाही. म्हातारीचा चेहरा घासायचा राहिला. तो तसाच असू दे, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस.

आता मी निजते. तू सांगितलेलं काम या वेळी केलं. आई म्हणून एवढं मनात धर.

तुझी
उलायु

तालुरुक,
१९ मार्च २०१२

ती. आजीस,
इटुलूचा सा. न. वि. वि.

माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान बाईला आजी म्हणताना एरवी हसू येतं. आज येत नाही.

आई मंगळवारी गेली. तिला न्यायला येणारं विमान धुक्यामुळे तीन दिवस उतरलं नाही, आणि उतरलं असतं तरी उपयोग नव्हता असं नर्सबाई म्हणाली. तुला फोनवर सांगायला माझी जीभ उचलली नाही, म्हणून तुझ्या वडिलांना सांगायला लावलं. पण त्यांना जे माहीत नाही ते मी लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीचा फोटो काढला होता. फुप्फुसात दगडाची पूड बसली होती. नर्सबाईने सांगितलं, यापुढे ग्राइंडरला हात लावायचा नाही. तुला खोकला ऐकू येऊ नये म्हणून फोन नको होता तिला. तुझं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, मी कळवतो, ती लगेच समजून घेईल. ती म्हणाली, समजून घेईल म्हणूनच कळवायचं नाही. आईने काम सांगितलं आणि लेकीने कारण सांगितलं, असं एकदा झालं तेवढं पुरे.

जानेवारीत फोन दाराशी धरून मी मुद्दाम उभा राहिलो होतो. ग्राइंडर थांबायचा तेव्हा ती खोकत असायची. तू ओळखशील असं वाटलं होतं. दार बंद होतं, तुला खोकला ऐकू गेला नसेल.

गावात तुला कोणी दोष देत नाही. मी देतो, पण तो थोडे दिवस. दगड खोपटात मीच नेऊन ठेवला, हेही मला दिसतं.

रीपा बरी आहे. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
इटुलू

ओटावा,
७ मे २०१२

चि. उलायु हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू मुलगा होऊन आलीस असं इटुलूने कळवलं. चालेल. नावाला त्याने काय फरक पडतो, तू माझी लेकच. डोकं भोपळ्याएवढं आहे, हेही कळलं.

हे पत्र इटुलू तुला वाचून दाखवेल. मी इथे आई आई म्हणवून घेत बसले आणि आईचा शब्द म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मी तो थट्टेत वापरला. तुझ्या ग्राइंडरच्या आवाजातला खंड मला कामाची तल्लीनता वाटला. हे मी मरेपर्यंत कोणाला दुसऱ्या तऱ्हेने सांगणार नाही.

प्रदर्शन झालं. मधला चौथरा रिकामाच ठेवला. वरिष्ठांनी कारण विचारलं, मी सांगितलं, शिल्प घरचं आहे. कामकाज माझ्या हातात आहे त्याचा एवढा एकच उपयोग मी करून घेतला. पेटी मी स्वतः भरली आहे, पहिल्या जहाजाने येईल. म्हातारीच्या चेहऱ्याला कोणी हात लावलेला नाही.

मास्क लहान मापाचे होईपर्यंत कोणत्याही गावाकडून काम मागायचं नाही, असं मी लिहून दिलं आहे. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात येते. रीपाला सांग, अमाउती तशीच ठेव, दुसरी बाही मी शिवणार आहे. वाकड्या करंगळीमुळे टाके तुझ्याइतके बारीक येत नाहीत, पण वारा आत जाणार नाही.

तुझ्याकडे मला काही मागायचं नाही. मोठी हो, बोलायला लाग, आणि मी काही सांगितलं की मला नाही म्हण. दहा वेळा म्हण. ते ऐकायला मी येत जाईन.

तुझी आई
सिमिगाक