पालथी पट्टी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पाया पडते, पण आज जरा रागातच. मी बरी आहे, वेळेवर जेवते, हे आधी आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

मागे कळवलं होतं ना, प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजलेली आमची पट्टी वाकवली की तिच्यात वीज उमटते, आणि माझ्या पट्टीत ती सगळ्यांपेक्षा जास्त उमटली? माझ्या संशोधनाच्या सरांनी त्यावर छापायला लेखही तयार ठेवला होता. पण तुम्हीच लहानपणी डोक्यात भरवलंत, की मडकं पालथं करून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. म्हणून लेख पाठवायच्या आदल्या दिवशी मी पट्टी पालथी घालून वाकवली. वीज निम्मीसुद्धा आली नाही!

भट्टीत टेकलेली बाजू आणि मोकळी बाजू सारख्या भाजत नाहीत, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. त्या फरकाची वीज मी वाकवण्याच्या नावावर खपवत होते.

सर कडाडले, "उलटायला कोणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

"कुठल्या विद्यापीठात असतात?"

"चाकावर असतात."

लेख थांबला. सर चार दिवसांपासून बोलत नाहीत. आता आजवर केलेल्या साठही पट्ट्या दोन्ही बाजूंनी वाकवायच्या, त्यात रोज एक तरी कडकन मोडते. सुट्टीत येणं जमणार नाही. आईला जपून सांगा.

आणि गल्लीभर माझा आकडा सांगत फिरलात ना? आता तो चुकीचा होता, हेही तुम्हीच सांगून या. पालथं करून पाहिलं ते मीच, एवढं मात्र शेवटी सांगा.

तुमच्याच वळणावर गेलेली,
तुमची लेक