दमणीवरचं शेण

आश्रुबा,

दमणी गाडीला शेण लागलेलं बघून तुझं टाळकं फिरंल. मीच लिंपलंय. कालच्या भांडणाचा राग त्यात न्हाई. वरातीसाठी तू जवसाचं तेल अन् मेण घासून आणलेली चकाकी मला बी लई आवडली, पर तोंडानं बोललो न्हाई.

साहेबाच्या दौऱ्यासाठी चपराशी गाड्या वेठीला धरत पाटोद्यापातूर आलाय. चमकती दमणी दिसली की आदी तीच धरतो. म्हणून बैल घेऊन मी आष्टीला मामाकडं चाललोय. वरातीच्या आदी येतो. चपराशानं इचारलं तर बैल इकले म्हण, चाकाचा आख मोडलाय म्हण.

तो गावातून जाईपातूर शेणाला हात लावू नको. मंग कोमट पाण्यानं भिजवून मऊ फडक्यानं पूस. राखेनं घासू नको. खाली तुझा मेणाचा थर हाय, चकाकी कुठं जात न्हाई.

अन् चपराशासमोर तोंड सांभाळ. दमणी नेली की हाकणारा बी संगं नेत्यात. गेल्या साली बाबांना तसंच नेलतं. परत आली ती नुसती दमणी.

दादा