बिनडागाची कंबर

८ फेब्रुवारी १९७७, मंगळवार

पहिली आली ती हरणाबाईच. माझी विहीण, सुनेची आई. नातवाला बघाय आले म्हणाली, पर डोळा माझ्या कमरेवर. मी उठताना भिंत धरली ती बरोबर बघितली. म्हणाली, तानुबाई, जावळाला औंधाच्या डोंगरावर बाळाला मीच घेते कडेवर, तुमी खाली गाडीत बसा सावलीला. तिच्यामागनं शेजारची दगडाबाई आली, चहाच्या वासावर. तीबी म्हणाली, व्हय व्हय, बसा सावलीला.

न्हाई बसणार. १ मार्चला जावळ. जावळाला मांडी मामाची, म्हंजे हरणाबाईच्या लेकाची. मग कड तरी आजीची पायजे का नको? नातू झाला तर कडेवर बसवून डोंगर चढवीन, असा यमाईला नवस बोललेय मी. छातीशी धरल्यालं चालत न्हाई, कडेवरच. हे सगळ्या गावाला सांगून ठेवलंय.

कंबर लय वर्सं दुखतीया, पर मी कुणाला कळू देत न्हाई. सुनेला तेवढं सांगते, सकाळ-संध्याकाळ.

१० फेब्रुवारी

माझा ल्योक हरिबा रजेवर आलाय. मिल्ट्रीत असल्यामुळं त्याला सगळं म्हाईत. म्हणाला, मिरजेला एक डॉक्टर नवं मशीन घेऊन आलाय. सुईतनं करंट सोडून दुखरी शीर आतल्या आत भाजतोय. म्हटलं, म्हंजे डागच की रं. मेंढरू लंगडलं की आमच्यातला बिराप्पा विळा तापवून डाग देतो, माणसालाबी देतो. आमच्यात बरी झाल्याली कंबर डागावरनं वळखत्यात. हरिबा म्हणाला, तसंच समज आये, फक्त आतनं.

मला भ्या न्हाई. रात्री झोप लागली न्हाई ती ढेकणांमुळं.

१५ फेब्रुवारी, मिरज

पालथं निजवलं. मशीन रेडिओएवढं, पर गाणी न्हाईत. सुया दोन्ही अंगाला. डॉक्टर पोरसवदा. सारखा इचारतोय, आजी, गरम लागतंय का, पाय उडतोय का. मी अजिबात वरडले न्हाई. हरिबा म्हणतो बाहेर बाकापर्यंत ऐकू आलं. ती दुसरी कुणीतरी असंल.

डॉक्टर म्हणाला, आठ-दहा दिस थोडं ठणकंल, मग फरक पडंल. ती शीर आता दुखणं कळवणार न्हाई. शेकायचं न्हाई, लेप लावायचा न्हाई.

२४ फेब्रुवारी

कंबर गेली. म्हंजे दुखायची गेली. भरल्याली घागर उचलली. वाकून अंगण झाडलं, सून बघत असताना परत एकदा झाडलं. बाळाला कडेवर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत गेले, वाटेत चार घरी उगंच थांबले. त्ये सारखं माझं नाक धरतंय. ग्वाड हाय गुलाम.

२६ फेब्रुवारी

हरणाबाई आन दगडाबाई आल्या. म्हणाल्या, दावा डाग. दावली कंबर. दोघी वाकून बघत्यात. सुईचा ठिपका, त्योबी बुजल्याला. हरणाबाई म्हणाली, ह्ये तर डास चावल्यागत. डागाबिगर बरी झाल्याली कंबर मी तर बघितली न्हाई. मधल्या पायरीवर कळ आली आन लेकरू पडलं म्हंजे? सून गप. गप म्हंजे आईच्या बाजूनं. हरिबा औंधला बोकडाचं ठरवाय गेल्याला, न्हाईतर तो बोलला असता.

मला कुणाला काय दावायची हौस न्हाई.

२७ फेब्रुवारी

बिराप्पाकडं गेले. डोकं चालवलं. शीर तर भाजल्याली, मग दुखणं कळवणार कोण? डाग कळायचाबी न्हाई आन हरणाबाईचं तोंड बंद. डॉक्टर शेकू नको म्हणाला, लेप नको म्हणाला. डागाचं एक अक्षर बोलला न्हाई. बिराप्पा म्हणाला, आवं तानुआक्का, दुखतच न्हाई तर डाग कशाला? म्हटलं, तू विळा तापव. लांबनं दिसला पायजे. सुया दोन्ही अंगाला हुत्या, तवा डागबी दोन्ही अंगाला.

कळला.

एकावर थांब म्हणणार हुते, पर बिराप्पाचा हात चपळ.

आतली शीर येगळी आन वरचं कातडं येगळं, ह्ये डॉक्टरनं सांगाय पायजे हुतं.

१ मार्च, औंध

डोंगर चढले. सगळा चढले, कुठं टेकले न्हाई, कंबर एकदाबी दुखली न्हाई. हात हालवत चढले. खाली बाळाला घेतलं हुतं, पर त्याची टाच बरोबर फोडावर बसली. दुसऱ्या कडेला घेतलं, तिथंबी फोड. छातीशी धरणार हुते, तवर दगडाबाई म्हणाली, आक्का, नवस कडेचा हाय न्हवं? मग हरणाबाईनं घेतलं. वरपतोर तिचं नाक धरून हुतं.

वर देवीम्होरं हरणाबाईनं माझे दोन्ही डाग नीट बघितले. म्हणाली, आता पटलं हां तानुबाई, कंबर बरी झालीया.

सोमवारी दोघी येते म्हणाल्यात, खपली पडली का बघाय.