सोबत पुरुष माणूस कोण आहे?

प्रिय आई,

आज तुला लिहायला बसले, कारण सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे. "मॅडम, येताना मिस्टरांना घेऊन या, सर त्यांच्याशी बोलतील," म्हणे! गाठ माझी आणि बोलणार ह्यांच्याशी! डोकंच फिरलं माझं.

तुझ्या वेळी तर कहरच झाला होता. कन्नड गावाहून आपण दोघीच भाड्याच्या जीपनं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "सोबत पुरुष माणूस कोण आहे?" कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या जीपवाल्या सलीमभाऊंना आत बोलावलं आणि आपल्याला बाहेर बसवलं! तुझा आजार पहिल्यांदा कळला कोणाला, तर भाड्याच्या जीपच्या ड्रायव्हरला!

परतताना ते बिचारे एकेक खड्डा जपून चुकवत होते. वेरूळला चहाला थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आईला सांगणं माझ्यानं व्हणार नाय. कॅन्सर हाय. लई पुढं गेलाय."

मी तिथंच तुला सांगितलं. आणि तू माझ्यावरच उखडलीस! "गप गं! एवढं मोठं असतं तर डाक्टर मला बोलला नसता व्हय? त्या सलीमला काय कळतंय!"

पुढच्या खेपेला तू डॉक्टरांना सरळच विचारलंस, "साहेब, अजिंठ्याला बहिणीकडं ऱ्हायला जायचंय. आत्ताच जाऊ का बरं झाल्यावर?"

"टेन्शन घेऊ नका आजी. मस्त बऱ्या व्हा, मग जा!" असं म्हणत त्यांनी तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

तू माझ्याकडे वळलीस. "बघ! ऐकलंस?"

किती भांडले मी तुझ्याशी! एकदा तरी माझं ऐकायचंस गं! "एवढा शिकलेला माणूस खोटं बोलंल का?" हेच तुझं पालुपद. मावशी तिकडे वाट बघत राहिली. शेवटी तीच आली, तोवर तुझी शुद्ध गेली होती. तुझा हात धरून ती पुन्हा पुन्हा स्वतःचं नाव सांगत होती. आठवलं की अजून संताप येतो, त्या डॉक्टरांचा आणि तुझाही.

उद्या हे बाहेर बसतील, मी आत. डॉक्टर हसून "काळजी करू नका" म्हणाले, तरी मी खुर्चीतून उठणार नाही. आई, मला फार भीती वाटतेय. पण तुला वचन देते, माझ्या हातात किती दिवस आहेत, हे मी माझ्या तोंडाने विचारीन आणि माझ्या कानांनी ऐकूनच उठेन.

तुझी भांडखोर लेक,
सुमन